स्प्लिट एसी बसवताना: झाकलं जाण्याआधी काय काय पाहायचं

"नवा एसी आहे, पण खोली गार होत नाही," असा फोन आला की मी घरात शिरल्यावर आधी भिंतीतल्या भोकाकडे पाहतो, मग बाहेरच्या नटांकडे, मग बोर्डाकडे. मशिनकडे सगळ्यात शेवटी. कारण स्प्लिट एसी कारखान्यातून निघतो तेव्हा तो दोन वेगळ्या तुकड्यांत असतो आणि (खोलीत लागणारा इनडोअर आणि बाहेर लागणारा आउटडोअर) त्याचा गॅस आउटडोअरमध्ये कोंडलेला असतो. ते तुकडे जोडणारं काम तुमच्या घरात होतं: पाइपाचे चार जोड, एक भोक, एक ड्रेन, एक स्टँड आणि एक वायर. बिघाडाची मुळं बहुतेक इथेच सापडतात.

अडचण अशी, की या कामातला प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याला झाकून टाकतो. पाइपावर टेप चढली की जोड दिसत नाही. इनडोअर प्लेटवर लटकला की भोक दिसत नाही. गॅस सोडला की व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने पाइपातली हवा ओढून काढणं, केलं होतं का, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. काय पाहायचं आणि ते कोणत्या क्षणी पाहायचं, याची सांगड घातली नाही तर नुसती माहिती असून उपयोग होत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे काम स्वतः करू नका. शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या, पण शेजारी उभं राहून करून घ्या. आणि जमलं तर फेब्रुवारीत बसवा. एप्रिल-मेमध्ये एका माणसाला दिवसाला पाच-सहा घरं गाठायची असतात आणि अशा घाईत वेळ खाणारा टप्पाच आधी गळतो.

## तयारी: माणूस येण्याच्या आधीचा आठवडा

### १. खोलीचा हिशेब

१० बाय १२ ची बेडरूम मधल्या मजल्यावर असेल तर १ टन पुरतो. १५० ते १८० चौरस फुटांना १.५ टन. वर थेट गच्ची असेल, किंवा पश्चिमेची भिंत दुपारभर तापत असेल, तर एक पायरी वर जा. उगाच मोठा घेऊ नका. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत खोलीच्या मानाने फार मोठा एसी, विशेषतः इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) नसलेला, पटकन गार करून बंद पडतो. हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि खोली गार पण ओलसर राहते.

### २. आधी आउटडोअरची जागा, मग इनडोअरची

बहुतेक जण उलटं करतात. पलंगासमोर कुठे छान दिसेल ते ठरवतात आणि आउटडोअर मग जिथे उरेल तिथे जातो. खरं तर खोलीतली उष्णता बाहेर टाकणारा भाग आउटडोअर आहे. त्याला मोकळी हवा मिळाली नाही तर आतलं मशिन कितीही महागाचं असो, ते फक्त वीज खात राहतं.

जागा ठरवताना हे बघा:

- मागे भिंतीपासून निदान ३० सेंमी मोकळं. जिथून गरम हवा बाहेर पडते त्या पुढच्या बाजूला निदान २ फूट, आणि मॅन्युअलमध्ये जास्त लिहिलं असेल तर तेवढं.
- इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक आउटडोअर लावलेले असतात. खालच्याची गरम हवा वर चढते आणि वरचा तीच ओढून घेतो. डक्टशिवाय दुसरी जागा असेल तर ती घ्या, पाइप दोन मीटर वाढला तरी चालेल.
- काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत आउटडोअर नको. "खिडकी उघडी ठेवू" असं सगळेच म्हणतात; पहिल्या पावसात ती बंद होते.
- नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतलं तापमानच ४५ अंशांच्या घरात जातं. तिथे पत्र्यावर किंवा पश्चिमेच्या उन्हात आउटडोअर ठेवला तर त्याच्याभोवतीची हवा आणखी तापते. वर सावली करा, पण चारी बाजूंनी गुंडाळू नका.
- तीन वर्षांनी तो दुरुस्त करायला माणूस तिथे सुरक्षित पोहोचू शकेल का? उत्तर "नाही" असेल तर ती जागा बाद.

इनडोअरसाठी जमिनीपासून ७ ते ८ फूट उंची, छतापासून निदान १५ सेंमी अंतर आणि दोन्ही बाजूंना तेवढीच मोकळीक. छताला चिकटवून लावलेला इनडोअर वरून पुरेशी हवा ओढू शकत नाही. फॉल्स सीलिंग करणार असाल तर तयार उंचीवरून मोजा, आत्ताच्या स्लॅबपासून नको. थंड झोत झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर येणार नाही अशी भिंत निवडा. आणि इनडोअर व आउटडोअर जितके जवळ, तितकं बरं.

### ३. वीज

१.५ टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात साधारण दीड किलोवॅट घेतो, म्हणजे ७ अँपिअरच्या आसपास. आकडा फार मोठा नाही, पण तो तासन्‌तास सलग वाहतो. सैल सॉकेट किंवा बारीक वायर अशा सलग भाराने वितळते.

त्यासाठी हवं ते असं: मुख्य बोर्डापासून थेट आलेली स्वतंत्र लाइन, ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, २० अँपिअरचा 'सी' प्रकारचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचं सॉकेट. गिझरच्या लाइनवर जोड काढून एसी चालवू नका. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नको. जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमची वायर असते. ती निघत नसेल तर बाहेरून केसिंग-पट्टीतून नवी ओढा. दिसायला थोडं कमी चांगलं, पण रात्री निर्धास्त झोपता येतं.

वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो पाहा. गिझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह आणि आता दोन एसी अशी बेरीज त्याच्या पुढे जात असेल तर भार वाढवण्याचा अर्ज आधी करा.

तपासणी, अर्थिंग: इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे, असं दिसायला हवं. फेज-अर्थचा आकडा बराच कमी आला तर अर्थ कुठेतरी तुटलेला आहे.

सावधान: न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दाखवत असेल तर सॉकेट उघडून बघायला लावा. काही जण अर्थ नसलेल्या घरात न्यूट्रलचीच एक तार अर्थच्या पिनेला जोडून देतात. मीटरवर सगळं ठीक दिसतं. पुढे कधी न्यूट्रल तुटला की एसीच्या पत्र्यावर थेट फेज येतो. हा प्रकार मी पाहिला आहे. त्या घरात लहान मूल बाल्कनीत खेळायचं, आउटडोअरला हात लागेल इतक्या अंतरावर.

स्टॅबिलायझर लागेल का, हे एसीच्या खोक्यावर लिहिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेवरून ठरवा. तुमच्या भागातलं व्होल्टेज त्याबाहेर जात असेल तरच घ्या.

### ४. परवानगी आणि फोनवरचे चार प्रश्न

सोसायटीत असाल तर आउटडोअर कुठे लावायचा आणि ड्रेन कुठे सोडायचा, याची परवानगी आधी लेखी घ्या. दर्शनी भिंतीवर लावून झाल्यावर काढायला लावलं तर पाइप, गॅस, मजुरी सगळं दुसऱ्यांदा.

मग बसवायला येणाऱ्याला फोनवरच विचारा: व्हॅक्यूम पंप आणणार ना? टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा) आहे का? भोक कोअर मशिनने (गोल भोक कापणाऱ्या ड्रिलने) पाडणार की छिन्नीने? उंचीवर काम आहे, सेफ्टी बेल्ट आहे का? पहिल्या प्रश्नाला "त्याची गरज नसते, आम्ही गॅसनेच हवा काढतो" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. का, ते नवव्या टप्प्यात येईल.

साहित्याचंही आधीच बोलून घ्या. अनेक कंपन्या खोक्यात ३ मीटर तांब्याचा पाइप देतात, त्यापुढचा मीटरप्रमाणे. दर काय, स्टँड कुणाचा, कोअर कटिंगचे पैसे वेगळे का, हे काम अर्ध्यावर आल्यावर विचारायचे प्रश्न नाहीत.

## कामाचा दिवस

### ५. प्लेट आणि भोक

इनडोअरमागची लोखंडी प्लेट पाणसळ लावून बसवायची. प्लेट सपाट, किंवा ड्रेनच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर खाली. ड्रेनच्या उलट्या बाजूला झुकली तर पाणी ट्रेमध्ये साचून खोलीत गळतं. आणि हे पहिल्या दिवशी दिसत नाही. जून-जुलैत हवा दमट झाली की दिसतं.

भोक साधारण ६५ मिमीचं. त्याचं बाहेरचं तोंड आतल्यापेक्षा ५ ते १० मिमी खाली हवं. हा उतार भोक पाडतानाच द्यायचा असतो, नंतर दुरुस्त होत नाही. उतार उलटा असेल तर ड्रेन नीट वाहत नाहीच, शिवाय पावसाचं पाणी पाइपावरून आत येतं आणि चार महिन्यांत रंगाचे पोपडे सुटतात.

सावधान: बीम किंवा कॉलममध्ये भोक पाडू देऊ नका. सळई लागली की मशिनचा आवाज बदलतो, तिथेच थांबवा. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खालच्या रेषेतही नको, वायरी तिथूनच जातात.

भोकात पीव्हीसीचा तुकडा बसवून घ्या. भिंतीच्या कडांवर घासून पाइपावरचं आवरण फाटतं ते त्याने वाचतं, आणि भिंतीच्या पोकळीत उंदीर-मुंग्यांना वाट मिळत नाही.

तपासणी: भोकातून बाहेर पाहा. सरळ समोर पाहिल्यावर उजेडाचा पट्टा किंचित खाली सरकलेला दिसायला हवा.

### ६. ड्रेन

या टप्प्याला सगळ्यात कमी वेळ दिला जातो. "पाणी गळतंय" ही तक्रार मात्र सगळ्यात जास्त येते.

ड्रेन पाइप पूर्ण वाटेत खालीच उतरत जायला हवा, दर मीटरला निदान एक सेंटिमीटर. मध्ये कुठेही वर उचलला गेला, लोंबला की तिथे पाणी आणि हवा अडकते. पाइप, वायर आणि ड्रेन एकत्र बांधताना ड्रेन सगळ्यात खाली असावा, वायर वर. बांधताना ड्रेन आवळून चपटा करू नका.

शेवटचं टोक मोकळं ठेवा. ते बादलीतल्या पाण्यात बुडलं की वाहणं अडतं. संडास-बाथरूमच्या पाइपात थेट घुसवलं तर वास खोलीत येतो. आणि खालच्यांच्या पत्र्यावर टपटपत ठेवलं तर शेजाऱ्यांशी असलेलं नातं बिघडतं.

तपासणी: इनडोअरचं पुढचं झाकण लावण्याआधी त्याच्या ट्रेमध्ये बाटलीने अर्धा ते एक लिटर पाणी ओतायला लावा. ते सगळं बाहेरच्या टोकाने, न अडखळता आलं पाहिजे. दोन मिनिटांची चाचणी आहे. तीही न करता कुणी झाकण लावत असेल तर थांबवा.

### ७. स्टँड आणि त्यावर चढणारा माणूस

१.५ टनाचा आउटडोअर २५ ते ४० किलोचा असतो, आणि तो चालू असताना सतत थरथरतो. नुसतं वजन पेलणं आणि थरथरणारं वजन दहा वर्षं पेलणं यात फरक आहे.

काँक्रीट किंवा पक्क्या विटांच्या भिंतीत १० मिमीचे अँकर फास्टनर (भोकात फुलून घट्ट बसणारे बोल्ट) चालतात. हल्लीच्या इमारतींच्या भिंती मात्र बऱ्याचदा सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात साधा फास्टनर आवळताना घट्ट लागतो आणि काही महिन्यांत सैल होतो. तिथे केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट) घ्या, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन आतून पट्टी लावा. कोणती भिंत आहे हे ड्रिल लावल्यावर कळतं: पांढरी मऊ पूड झरझर निघाली तर सिपोरेक्स, लाल आली तर वीट. फास्टनर घालण्याआधी भोकातली पूड फुंकून काढायची असते. ती आत राहिली तर फास्टनर नीट फुलत नाही.

मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्यावर खारी हवा साधा रंगवलेला अँगल काही वर्षांत खाते. तिथे गॅल्व्हनाइज्ड स्टँड आणि स्टेनलेसचे नट-बोल्ट घ्या. फरक काहीशे रुपयांचा, आणि खालून माणसं चालतात. आउटडोअरच्या चारही पायांखाली रबर हवा. युनिट सपाट आहे का, हे इथेही पाणसळ लावून पाहा.

सावधान: चौथ्या-पाचव्या मजल्याच्या छज्जावर कुणी नुसता ग्रील धरून उतरत असेल तर काम थांबवा. कमरेला बांधलेली दोरी म्हणजे सेफ्टी बेल्ट नव्हे. पूर्ण अंगाचा बेल्ट हवा आणि त्याचं दुसरं टोक काँक्रीटमध्ये पक्क्या बसलेल्या गोष्टीला हवं. खिडकीच्या ग्रीलला नाही, कारण ग्रील दोन-चार स्क्रूवर उभी असते. बेल्ट नसेल तर "उद्या घेऊन या, मी थांबतो" म्हणा. बहुतेक वेळा ही मुलं विशी-पंचविशीतली असतात, आणि त्यांना "नाही" म्हणायची सोय नसते. ती सोय तुम्ही करून द्यायची. तुमचा एसी एक दिवस उशिरा लागेल.

### ८. पाइप आणि फ्लेअर

इथून पुढचे दोन टप्पे पूर्ण उभं राहून पाहा. फोन आला तरी नंतर घ्या.

तांब्याच्या पाइपाची लांबी आधी मोजून घ्यायची. बहुतेक कंपन्या ३ मीटरपेक्षा कमी पाइप नको म्हणतात. फार आखूड पाइपातून कॉम्प्रेसरची थरथर आणि आवाज थेट आत येतो. अंतर कमी असेल तर वाढीव पाइप आउटडोअरमागे मोठ्या आडव्या वेढ्यात ठेवा. कमाल लांबी मॉडेलप्रमाणे बदलते, ती मॅन्युअलमध्ये पाहा.

वळणं मोठी आणि गोल द्या. गुडघ्यावर दाबून वाकवताना पाइप चिमटला तर तो भाग सरळ करून वापरू देऊ नका, कापून टाकायला लावा.

मग जोड. पाइपाचं तोंड पसरवून (यालाच फ्लेअर म्हणतात) ते नटाने आवळायचं. क्रम असा:

१. पाइप कटरने कापायचा. हॅकसॉने कापला की तांब्याचा कीस आत जातो आणि पुढे तो झडपेत नाहीतर कॉम्प्रेसरमध्ये पोहोचतो.

२. कापलेल्या तोंडाची आतली धार रीमरने काढायची. हे करताना पाइपाचं तोंड खाली धरायचं, म्हणजे कीस बाहेर पडतो.

३. नट आधी पाइपात घालायचा. हे विसरलं की केलेला फ्लेअर कापून पुन्हा करावा लागतो, आणि घाईत केलेला दुसरा फ्लेअर पहिल्याइतका चांगला होत नाही.

४. फ्लेअर करायचा. कर्ण्यासारखं पसरलेलं तोंड सगळीकडे सारख्या रुंदीचं आणि चकचकीत हवं. एक बारीक चीर किंवा ओरखडा असला तरी कापून नवा.

५. नट पहिले तीन-चार आटे हाताने फिरायला हवेत. हाताने फिरत नसेल तर तो तिरका लागतो आहे.

६. दोन पाने लावून आवळायचं: एकाने जोड धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. टॉर्क पान्यावर पाव इंची पाइपाला १४ ते १८, तीन-अष्टमांश इंचीला ३४ ते ४२ आणि अर्धा इंचीला ४९ ते ६१ न्यूटन-मीटर हे नेहमीचे आकडे. मॅन्युअलमध्ये वेगळे असतील तर ते धरा.

टॉर्क पाना नसलेला माणूस जोर लावून "एकदम टाइट" करतो. तांबं मऊ असतं. जास्त आवळलं की फ्लेअर पातळ होतो आणि चिरतो. सध्याच्या आर-३२ गॅसचा दाब जुन्या आर-२२ च्या सुमारे दीडपट असतो. म्हणून पूर्वी चालून गेलेला जोड आता चालत नाही.

सावधान: फ्लेअर नटावर टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावलेलं दिसलं, तर फ्लेअर नीट झालेला नाही. हा जोड तांब्यावर पितळ बसून बंद होतो. तिथे दुसरं काही लागत नाही.

जाड आणि बारीक दोन्ही पाइपांना वेगवेगळं आवरण हवं. बऱ्याच जणांना वाटतं की एकच पाइप गार असतो. घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब आउटडोअरमध्येच उतरवला जातो, त्यामुळे बारीक पाइपही गारच असतो आणि उघडा राहिला तर त्यालाही घाम फुटतो. तो घाम मग भिंतीत मुरतो.

इंटीरिअरचं काम चालू असताना पाइप भिंतीत घेणार असाल तर आणखी काळजी घ्या. भिंतीच्या आत एकही जोड नको. दोन्ही टोकं बंद करून नायट्रोजन भरा, मीटर लावून एक दिवस ठेवा आणि काटा हलला नाही तरच प्लास्टर करा. टोकं उघडी ठेवून सुतारकाम सुरू केलं की सहा महिन्यांत पाइपात भुसा, सिमेंट आणि ओल जाते.

### ९. गळती आणि व्हॅक्यूम

जोड झाले, पण पाइपात आणि इनडोअरच्या कॉइलमध्ये अजून घरातलीच हवा आहे. हवा म्हणजे ओलावाही आलाच. ही हवा आत राहिली तर ती गॅससारखी द्रवरूप होत नाही, नुसती जागा अडवते आणि दाब वाढवते. ओलावा कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार करतो, आणि ते आम्ल मोटरच्या वेटोळ्याचं इन्सुलेशन हळूहळू खातं. पहिला उन्हाळा ठीक जातो. तिसऱ्या-चौथ्याला कॉम्प्रेसर जातो, तेव्हा बसवणाऱ्याचं नावही कुणाला आठवत नाही.

आधी नायट्रोजनने दाब देऊन जोडांवर साबणाचा फेस लावायचा. फुगा आला तर जोड पुन्हा. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचं नळकांडं कधीही नको. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

मग व्हॅक्यूम. आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतानाच जाड पाइपाच्या सर्व्हिस पोर्टला (दाब मापायच्या तोंडाला) दाबाचा मीटर लावून पंप जोडायचा आणि २० ते ३० मिनिटं चालवायचा. दाब खूप खाली गेला की पाणी खोलीच्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन पंपाबरोबर निघून जातं. त्याला वेळ लागतो, म्हणून पाच मिनिटांचं व्हॅक्यूम हवा काढतं पण ओल ठेवतं. पावसाळ्यात वेळ वाढवा. मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम किती खोल गेलं ते मोजणारा मीटर) असेल तर ५०० च्या खाली जायला हवं.

तपासणी: पंप बंद करण्याआधी मीटरची चावी बंद करायला सांगा आणि काटा कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा. दहा मिनिटांनी पुन्हा काढा. काटा वर आला तर कुठेतरी गळती किंवा ओल आहे. गॅस सोडू देऊ नका.

आता ते "गॅसनेच हवा काढणं". आउटडोअरचा व्हॉल्व्ह थोडा उघडून गॅसच्या जोराने दुसऱ्या टोकाची हवा बाहेर ढकलतात. एका मिनिटात काम होतं. पण ओलावा आतच राहतो, मोजून भरलेला गॅस वाया जातो, आणि आर-३२ हा मंद का होईना, पेट घेणारा गॅस आहे. काही मॉडेलमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो तर सहज पेटतो. अशा कामाच्या वेळी खोलीत देवाची समई, उदबत्ती, गॅसची शेगडी काहीही पेटतं नको.

### १०. गॅस सोडणं आणि वायर

काटा स्थिर राहिला की अ‍ॅलन कीने आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे. अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह ही चूक फार सामान्य आहे, आणि मग एसीला "गॅस कमी आहे" असं ठरवलं जातं. व्हॉल्व्हवरच्या पितळी टोप्या परत पक्क्या लावायच्या. त्या धूळ अडवायला नसतात, गळतीचा दुसरा अडसर त्याच असतात. त्यानंतर जोडांना पुन्हा एकदा फेस.

इनडोअर आणि आउटडोअरमधल्या वायरीच्या टर्मिनलचे आकडे दोन्हीकडे जुळले पाहिजेत: १ ला १, २ ला २. अदलाबदल झाली की डिस्प्लेवर एरर येतो. मध्ये टेप गुंडाळलेला जोड नको, आणि अर्थची वायर दोन्ही टोकांना स्क्रूखाली हवी.

सावधान: "नव्या मशिनमध्ये थोडा गॅस टाकावा लागतो" हे खरं नाही. ठरावीक लांबीच्या पाइपापुरता गॅस कारखान्यातूनच भरलेला असतो. पाइप त्यापेक्षा लांब असेल तरच, लेबलवर दर मीटरला लिहिलेले ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून भरायचे. अंदाजाने नाही. आणि कमी लांबीच्या पाइपावर गॅस कमी निघाला तर तो गेला कुठे, हे आधी शोधायला लावा.

### ११. चालवून पाहणं

रिमोट पहिल्यांदा दाबलात की २४ अंश दिसतील. स्टार लेबलच्या एसींना १ जानेवारी २०२० पासून तशी सक्ती आहे. चाचणीपुरते १८ करा, पंखा जोरात, दारं-खिडक्या बंद. वीस मिनिटांनी स्वयंपाकघरातला किंवा मत्स्यटाकीचा थर्मामीटर आधी इनडोअरच्या वर, जिथून हवा आत जाते तिथे, आणि मग खालच्या झोतात धरा. फरक ८ ते १२ अंशांचा हवा. दमट मुंबईत तो थोडा कमी, कोरड्या विदर्भात थोडा जास्त येतो. बाहेर ड्रेनमधून पाणी यायला किनाऱ्यावर पंधरा-वीस मिनिटं लागतात. मे महिन्यात नागपुरात ते कदाचित येणारच नाही. हवेतच पाणी नसतं, त्यात दोष काही नाही.

आउटडोअरजवळ हात धरा: गरम हवा जोरात बाहेर यायला हवी. स्टँडला कान लावा. खडखड म्हणजे एखादा बोल्ट सैल. एसी चालू असताना प्लग आणि सॉकेटला अर्ध्या तासाने हात लावून पाहा. कोमट चालेल, गरम नको.

### १२. झाकणं

आता टेप. ती खालून वर गुंडाळत न्यायची, म्हणजे वरचा पदर खालच्यावर येतो आणि पावसाचं पाणी कौलांवरून ओघळावं तसं बाहेरच्या बाहेर जातं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढा पाणी आत घेतो. भोक आतून-बाहेरून पुट्टीने बंद करा. आउटडोअरच्या वायरीच्या झाकणाला फट राहू देऊ नका. पाल आत शिरून सर्किट बोर्डावर बसली की बोर्डही जातो आणि पालही.

निघण्याआधी त्याच्याकडून लेखी घ्या: पाइपाची एकूण लांबी, वाढीव गॅस टाकला असेल तर किती ग्रॅम, तारीख. काट्याचे फोटो, फ्लेअरचे फोटो आणि भोकाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. वॉरंटीच्या वादात हेच कामाला येतं.

## नंतरच्या तीन वेळा

पंधरा दिवसांनी स्टँडचे आणि आउटडोअरच्या पायांचे बोल्ट एकदा तपासून घ्या. थरथरीने पहिल्याच पंधरवड्यात जे सैल व्हायचं ते होतं. उंचीवर असेल तर हेही बेल्ट लावलेल्या माणसाकडूनच.

घर बदलताना एसी काढायचा असेल तर गॅस आउटडोअरमध्ये परत कोंडावा लागतो. मशिन कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, मीटरचा काटा शून्याजवळ आला की जाड पाइपाचा, आणि लगेच वीज बंद. या वेळात कुठलाही नट सैल करायचा नाही. चालू कॉम्प्रेसरने हवा ओढून घेतली तर हवा आणि तेल आत दाबलं जाऊन तो फुटू शकतो. नव्या घरी लावताना फ्लेअर नवे आणि व्हॅक्यूम पुन्हा पूर्ण.

आणि मे अखेरीस, पहिला पाऊस यायच्या आत, बाहेरच्या भोकाची पुट्टी चिरली आहे का पाहा, आउटडोअरमागे कबुतरांनी काड्या आणल्या असतील तर साफ करा, आणि इनडोअरच्या ट्रेमध्ये पुन्हा एकदा बाटलीभर पाणी ओता.